एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा रात्री फार घोंघावतो, उष्णता आणि आवाज दोन्ही कसं आवरायचं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. रेंडरिंगचं (पीसीकडून एकेक फ्रेम तयार करून घेण्याचं) काम मी रात्री करतो, घरात सगळे झोपलेले असतात, त्यामुळे पीसी शांत असावा म्हणून बरीच खटपट केलीय. सीपीयूवर मोठा टॉवर कूलर बसवलाय, कॅबिनेटचे पुढचे-मागचे पंखे १४० मिमीचे घेतलेत आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्यांचा वेग अगदी खाली आणून ठेवलाय. नुसतं ब्राउझिंग चालू असेल तर पीसी चालू आहे की बंद तेही कळत नाही. पण रेंडर लावला की दहा-पंधरा मिनिटांत एसएमपीएसचा पंखा चढायला लागतो आणि मग बाकी सगळ्यांचा मिळून होत नाही तेवढा आवाज त्या एकट्याचा होतो. रेंडर संपल्यावरसुद्धा बराच वेळ तसाच चालू राहतो.

एसएमपीएस ६५० वॅटचा आहे, ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याबद्दल मिळणारा बिल्ला), पंखा १२० मिमी. कॅबिनेटमध्ये तळाला बसतो आणि पंख्याचं तोंड वर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे आहे. तळाला जाळी आहे पण कॅबिनेट गालिच्यावर ठेवलंय आणि पाय अगदीच बुटके, म्हणून असेंबल करणाऱ्याने तसं बसवलं. मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये बाकी सगळ्या पंख्यांचे आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसतात, ह्याचा नाही.

प्रश्न असा की आतला पंखा काढून चांगला सायलेंट पंखा टाकला तर काम होईल का? की मूळ दुखणं दुसरंच आहे?

जुना सोल्डर

बाकी चर्चा होईलच, पण आधी एक गोष्ट. एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढली, स्विच बंद केला म्हणजे आत काही उरलं नाही असं नसतं. अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (भिंतीतून येणारा करंट सुधारून घेणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसमध्ये मोठा बल्क कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, ३८० ते ४०० व्होल्ट डीसीवर चार्ज असतो. काही डिझाइनमध्ये तो डिस्चार्ज व्हायला बरोबरीने रेझिस्टर लावलेला असतो, काहींत नसतो, आणि असलेला रेझिस्टर उडालेला असला तर बाहेरून काहीच समजत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर आयुष्य गेलंय माझं, आजही उघडलेल्या एसएमपीएसला मीटर लावून कपॅसिटरचं व्होल्टेज बघितल्याशिवाय हात लावत नाही. वॉरंटी जाते हा भाग वेगळाच.

पंखा बदलण्याबद्दल सविस्तर नंतर लिहितो. तोपर्यंत स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

सौदामिनी

जुना सोल्डर यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता उष्णतेबद्दल.

रात्रपाळी, पंख्याचा आवाज हा परिणाम आहे हो. एसएमपीएसच्या आत सेकंडरीच्या (पीसीकडे वीज देणाऱ्या बाजूच्या) हीटसिंकला, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या तुकड्याला, एक थर्मिस्टर (तापमान ओळखणारा पार्ट) चिकटवलेला असतो, त्याचं तापमान वाढलं की कंट्रोलर पंख्याला जास्त व्होल्टेज देतो, एवढं साधं गणित असतं बहुतेक मॉडेलांमध्ये (काही मॉडेलं करंटही बघतात). म्हणजे पंखा ओरडतोय तर आत गरम होतंय. पंखा बदलून गरम व्हायचं थांबत नाही.

मग गरम किती होतं? इथे बऱ्याच जणांचा घोळ असतो, ६५० वॅटचा एसएमपीएस म्हणजे ६५० वॅट उष्णता असं वाटतं. तसं नाही. समजा पीसीचे सगळे पार्ट मिळून ३०० वॅट घेतायत. एफिशियन्सी (ओढलेल्या विजेपैकी किती पीसीला मिळते ते) ९० टक्के असेल तर भिंतीतून ३३३ वॅट ओढले जातात आणि मधले ३३ वॅट एसएमपीएसच्या पोटात उष्णता होऊन राहतात. तीच एफिशियन्सी ८० टक्के असेल तर भिंतीतून ३७५ आणि पोटात ७५. एफिशियन्सीत फरक दहा टक्क्यांचा, पण आतल्या उष्णतेत दुपटीहून जास्त. म्हणून ब्राँझ, गोल्ड वगैरे बिल्ल्यांकडे फक्त वीजबिलाच्या नजरेने बघू नका, आवाजाच्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचे आहेत.

११५ व्होल्टच्या टेस्टमध्ये ब्राँझला २०, ५० आणि १०० टक्के लोडवर अनुक्रमे ८२, ८५, ८२ टक्के गाठावे लागतात, गोल्डला ८७, ९०, ८७. टायटॅनियमला तर १० टक्के लोडवरसुद्धा ९० टक्के द्यावे लागतात. २३० व्होल्टवर तोच एसएमपीएस साधारण एखाद-दोन टक्के जास्तच देतो कारण करंट कमी लागतो. मात्र एक लक्षात ठेवा, ८० प्लसची टेस्ट २३ अंश सेल्सिअसला होते. कॅबिनेटच्या तळाशी, तापलेल्या ग्राफिक्स कार्डाखाली २३ अंश कुठून येणार.

शक्य असेल तर सॉकेट आणि पीसीच्या मध्ये लावायचा वॅटमीटर कुणाकडून तरी आणा आणि आयडल (पीसी नुसता चालू, काम नाही) आणि रेंडर दोन्ही आकडे इथे टाका. त्याशिवाय आपण अंदाजच बांधत बसणार.

आवाजबंद

मी साउंड रेकॉर्डिंगवाला, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. आवाज कसला आहे ते नक्की करा, कारण एसएमपीएसमधून तीन वेगवेगळ्या प्रकारचे आवाज येतात आणि तिघांचं औषध वेगळं.

एक म्हणजे हवेचा, रुंद, "श्श्श" असा, वेगाबरोबर वाढणारा. हा पाती आणि जाळीमुळे होतो. पत्र्यातच भोकं पाडलेली जाळी असेल तर हवा तिच्या कडांवर आपटून जास्त आवाज करते, गोल तारेची जाळी त्या मानाने सोज्वळ.

दुसरा बेअरिंगचा. टिकटिक, खरखर किंवा गुरगुर, आणि वेग कमी असतानाच जास्त ऐकू येतो कारण तेव्हा हवेचा आवाज त्याला झाकत नाही. पीसी गार असताना सुरू केल्यावर जास्त आणि मग कमी होत असेल तर बेअरिंगमधलं तेल संपत आलंय असं समजा.

तिसरा कॉइल व्हाइन, डासासारखी बारीक शीळ. ह्याचा पंख्याशी काही संबंध नाही. इंडक्टर आणि ट्रान्सफॉर्मरमधून जाणारा करंट ऐकू येण्यासारख्या फ्रिक्वेन्सीला कमीजास्त होतो, त्याने वेटोळी आणि कोअर थरथरतात. गेमच्या मेनूत एफपीएस (सेकंदाला फ्रेम) शेकड्यांत गेले की हमखास ऐकू येतो. एफपीएसला लिमिट लावून बघा, शीळ बदलली किंवा गेली तर ती कॉइलचीच. आणि बरेचदा ती एसएमपीएसमधून येत नसून ग्राफिक्स कार्डातून येत असते, लोक उगाच एसएमपीएस बदलतात.

शोधायची सोपी पद्धत: जाड कागदाची लांब नळी करा, एक टोक कानाशी, दुसरं कॅबिनेटच्या बाहेरून एकेका जागी धरा. आवाज नेमका कुठून येतोय ते लगेच कळतं. नळीचं टोक आत घालू नका, जाळीच्या बाहेरच.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार, एवढ्या लवकर एवढं येईल वाटलं नव्हतं. डबा उघडत नाही, शब्द.

नळी लावून बघितली. शीळ नाही, टिकटिक नाही, निव्वळ हवेचा आवाज आणि तो एसएमपीएसच्या मागच्या जाळीतूनच येतोय. मागे हात धरला तर बाहेर येणारी हवा चांगलीच गरम लागते. वॅटमीटर मित्राकडे आहे, उद्या आणतो.

झुळूक

हवेचाच आवाज आहे म्हटल्यावर माझा संशय पक्का होतोय. तुमचा एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाचीच गरम हवा पितोय.

चित्र डोळ्यासमोर आणा. तळाला एसएमपीएस, पंखा वर तोंड करून. त्याच्या बरोबर वर ग्राफिक्स कार्ड, ज्याचे पंखे खालून हवा घेतात आणि कडांनी गरम हवा सोडतात. कॅबिनेटचे पंखे तुम्ही एकदम हळू केलेत, म्हणजे ती गरम हवा बाहेर काढायला कुणी राहिलंच नाही. मग ती ज्याला बाहेरचा रस्ता आहे आणि जो ओढतोय त्याच्याकडे जाणार, तो म्हणजे एसएमपीएस. सगळ्या कॅबिनेटचा एक्झॉस्ट पंखा करून ठेवलाय त्याला, तोही बिचारा १२० मिमीचा, आत कॉइल, हीटसिंक, वायरींची दाटी.

पूर्वी एसएमपीएस वर असायचा तेव्हा हे मुद्दामच होतं, सीपीयूची गरम हवा तोच बाहेर टाकायचा. त्याच्याही आधीची गंमत म्हणजे १९९५ साली इंटेलने एटीएक्सचं (पीसीच्या मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसच्या मापांचं मानक) पहिलं स्पेसिफिकेशन काढलं तेव्हा एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. ती टिकली नाही, कारण एसएमपीएसमधून तापून आलेली हवा सीपीयूवर सोडण्यात काय अर्थ. नंतर एसएमपीएस तळाला गेला तो त्याला खालून स्वतःची गार हवा मिळावी म्हणूनच. तुमच्याकडे तळाला जाळी असून तो फायदा वाया जातोय.

उपाय: एसएमपीएस उलटा करा, पंखा खाली. त्यासाठी डबा उघडायची गरज नाही, मागचे चार स्क्रू काढून अख्खा डबा फिरवून बसवायचा. कॅबिनेट गालिच्यावरून उचलून एखाद्या सपाट फळीवर ठेवा आणि पायाखाली काहीतरी देऊन तीन-चार सेंटिमीटर तरी मोकळी जागा ठेवा. आणि कॅबिनेटचा मागचा पंखा थोडा वाढवा. १४० मिमीचा पंखा जरासा वाढवला तर कानाला कळणारसुद्धा नाही.

कट्टाकार

वाचनखूण साठवली. माझं कॅबिनेटपण गालिच्यावरच आहे, उचलतो आता.

सौदामिनी

झुळूक यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. आत जाणारी हवा किती गरम आहे ह्याने किती फरक पडतो त्याचं गणित मांडते, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

धरून चाला की एसएमपीएसमध्ये ५७ वॅट उष्णता होतेय, आणि आतले पार्ट सुरक्षित राहायचे तर बाहेर पडणारी हवा ५५ अंशांपेक्षा गरम नको. खोलीतली ३० अंशांची हवा आत गेली तर ती २५ अंश तापू शकते, म्हणजे सेकंदाला साधारण १.९ लिटर हवा पुरते. पण ग्राफिक्स कार्डाखालची ४५ अंशांची हवा आत गेली तर तापायला फक्त १० अंशांची जागा उरते, आणि तीच उष्णता बाहेर न्यायला सेकंदाला ४.७ लिटर हवा लागते. अडीच पट!

हवा अडीच पट हवी म्हणजे पंख्याचा वेगही अडीच पट. आणि पंख्याच्या आवाजाचा ढोबळ नियम असा की वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. अडीच पट म्हणजे जवळजवळ २० डेसिबल. दर १० डेसिबलला कानाला आवाज दुप्पट वाटतो, तेव्हा २० म्हणजे चौपट. एसएमपीएस तोच, लोड तोच, पंखा तोच, नुसती आत जाणारी हवा १५ अंशांनी बदलली.

प्रत्यक्षात पंख्याचा कर्व्ह (कुठल्या तापमानाला किती वेग ते), आतली रचना वगैरे बरंच काही मध्ये येतं, आकडे असेच्या असे जुळणार नाहीत, पण दिशा हीच. म्हणून माझं ठाम मत आहे की पंखा किंवा एसएमपीएस बदलायचा विचार आत जाणारी हवा सुधारल्यानंतरच करावा.

गिरमिट

एवढं कशाला करताय, सरळ १००० वॅटचा एसएमपीएस घ्या आणि विसरून जा. लोड कमी पडला की पंखा फिरणारच नाही.

सौदामिनी

@गिरमिट, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे पण अर्धंच. मोठ्या एसएमपीएसचे हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर मोठे असतात, पंख्याचा कर्व्हही उशिरा चढतो, त्यामुळे तेवढ्याच लोडला तो शांत राहतो हे खरं. एफिशियन्सी साधारण ५० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात चांगली असते हेही खरं. पण १००० वॅटचा स्वस्तातला एसएमपीएस घेतला आणि पीसी दिवसभर ६०-७० वॅटवर बसून राहिला तर तो ६-७ टक्के लोडवर चालतोय, तिथे एफिशियन्सी बरीच घसरते. आणि मूळ मुद्दा राहतोच, ४५ अंशांची हवा १००० वॅटच्या डब्यालाही ४५ अंशांचीच मिळणार.

मोठा घ्यायचं खरं कारण दुसरं आहे. आताची ग्राफिक्स कार्डं क्षणभर सरासरीच्या खूप वर उडी मारतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मध्ये तर एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता रेटिंगच्या दुप्पट लोड झेलला पाहिजे असं घातलंय. तुमचं कार्ड त्यातलं असेल तर वॅट जास्त घ्या, पण आवाजासाठी फक्त वॅटकडे बघू नका. आवाजाचं वेगळं रेटिंग मिळतं. सायबेनेटिक्सवाले एफिशियन्सीबरोबर आवाजही मोजतात, त्यांच्या लॅम्डा श्रेणीत ए प्लस प्लस म्हणजे सरासरी १५ डेसिबलच्या खाली, ए प्लस १५ ते २०, नुसता ए म्हणजे २० ते २५. विकत घ्यायच्या आधी ते बघा.

बॉक्सवर आणखी एक छोटी ओळ असते ती वाचा: पूर्ण वॅटेज किती तापमानाला मिळेल. ४० किंवा ५० अंश लिहिलेलं असेल तर ठीक. २५ अंश असेल तर गरम कॅबिनेटमध्ये तेवढे वॅट धरून चालू नका.

गिरमिट

हे लॅम्डा प्रकरण माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

रात्रपाळी

अपडेट. वॅटमीटर लावला. आयडलला ७० वॅट, रेंडर चालू असताना ३८० च्या आसपास स्थिर.

शिवाय एसएमपीएस उलटा केला, पंखा खाली. कॅबिनेट फळीवर घेतलं आणि खाली रबरी ठोकळे देऊन मोकळी जागा केली. तळाच्या जाळीला धुळीचा फिल्टर होता, तो काढून बघितला तर नुसती लोकरीची चादर, एवढी धूळ! धुऊन वाळवून परत लावला. मागचा पंखा ५०० वरून ७०० आरपीएम केला.

काल रात्री रेंडर लावला. पंखा चढतो, पण पूर्वीसारखा भणाणत नाही. ऐकू येतो, त्रास होत नाही. खोलीचं दार बंद केलं तर बाहेर काही नाही. मागून येणारी हवा कोमट लागते. अजूनही कमी करता येईल का? आणि रेंडर संपल्यावर पंखा लगेच का थांबत नाही?

सौदामिनी

छान! बघा, तुमचेच आकडे घेऊ. भिंतीतून ३८०, ब्राँझचे ८५ टक्के धरले तर पीसीला ३२३ मिळतात आणि ५७ वॅट एसएमपीएसमध्ये. (वरच्या प्रतिसादात ५७ घेतले होते ते तुमच्यासारख्या सेटअपचा अंदाज म्हणून, मीटरने तोच आकडा दिला.) लोडही ५० टक्क्यांवर आहे, म्हणजे एसएमपीएस लहान पडत नाहीये. उद्या ९० टक्केवाला घेतला तर तेवढ्याच कामाला ३६ वॅट उष्णता होईल. हा २१ वॅटचा फरक चांगला आहे, पण आहे तो एसएमपीएस टाकून देण्याएवढा नाही असं माझं मत.

पंखा लगेच न थांबण्याचं कारण थर्मिस्टर. लोड गेला तरी अॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मरचा गोळा तापलेलाच असतो, तो निवेपर्यंत पंखा चालणार. शिवाय चढायचं आणि उतरायचं तापमान मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, नाहीतर पंखा सारखा चालू-बंद होत राहील. तो चालू राहतोय हे चांगलं लक्षण समजा.

अजून कमी करायचं असेल तर उष्णता जिथून सुरू होते तिथे जा. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून रेंडरचा वेळ मोजा. चिपला लागणारी पॉवर फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला कार्ड भरमसाट वॅट जाळतं. ते सोडून दिले तर वेळ थोडाच वाढतो पण कार्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस तिन्ही गार होतात. अंडरव्होल्ट (चिपला थोडं कमी व्होल्टेज देणं) जमत असेल तर आणखी उत्तम.

चक्रधर

माझ्याकडे झिरो आरपीएमवाला (लोड कमी असताना पंखा पूर्ण बंद ठेवणारा) गोल्ड एसएमपीएस आहे. पंखा बराच वेळ बंद, मग एकदम सुरू होतो, दोन मिनिटांनी परत बंद. सतत चालणाऱ्या पंख्यापेक्षा हे चालू-बंद जास्त डोक्यात जातं. काय करावं?

आवाजबंद

@चक्रधर, कानाचं तसंच असतं. एकसारख्या आवाजाला मेंदू सरावतो, बदलाला सरावत नाही. मागे हायब्रिड किंवा इको नावाचं बटण असेल तर ते बंद करा, पंखा अगदी हळू पण कायम फिरत राहील. चांगला १३५-१४० मिमीचा पंखा ५००-६०० आरपीएमला फिरला तर कॅबिनेटच्या बाहेर ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या पीसीला मी तेच करतो, माइक समोर असताना पंखा एकसारखा चाललेला परवडतो, मध्येच सुरू झालेला नाही.

झुळूक

आणि पंख्याचं तोंड कुठे आहे? झिरो आरपीएम मोडमध्ये पंखा बंद असताना गरम हवा आपोआप वर जायची असते. पंखा खाली करून बसवला तर ती वर पत्र्याला अडते, आत साठते, मग एकदम तापमान चढून पंखा सुरू. मोड वापरायचाच असेल आणि वरचं ग्राफिक्स कार्ड फार तापत नसेल तर पंखा वर तोंड करून बघा. रात्रपाळींना मी उलटं सांगितलं कारण त्यांचा पंखा कायम फिरतो आणि वरून गरम हवा येत होती. एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही, आत कुठली हवा जातेय ते बघूनच ठरवायचं.

चक्रधर

पंखा खालीच आहे आणि बटणही आहे. आधी बटण बंद करून बघतो.

जुना सोल्डर

पंखा बदलण्याबद्दल लिहितो म्हणालो होतो ते आता.

पंखा बदलायची खरी गरज फक्त बेअरिंग गेलं तेव्हा. एसएमपीएसचा पंखा आडवा पडून फिरतो, वर गरम हवेत. साध्या स्लीव्ह बेअरिंगला हे अजिबात मानवत नाही, तेल सुकतं आणि मग खरखर. बॉल बेअरिंग टिकतं पुष्कळ पण त्याचा स्वतःचा बारीक आवाज असतो. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग दोन्हीच्या मधलं, शांतही आणि टिकणारंही, म्हणून नवीन एसएमपीएस घेताना पंख्याचं बेअरिंग कुठलं ते विचारा. वॉरंटी असेल तर पंखा खरखरतोय एवढ्या कारणावर क्लेम करा. नसेल तर एसएमपीएस दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे द्या, स्वतः नाही.

आणि सायलेंट पंखा टाकायचं खूळ का वाईट ते सांगतो. कॅबिनेटचा सायलेंट पंखा मोकळ्या हवेत चांगला चालतो पण एसएमपीएसच्या दाटीतून हवा ढकलायला दाब लागतो, तो त्याच्यात नसतो. दुसरं, एसएमपीएसचा कंट्रोलर सुरुवातीला कदाचित ४-५ व्होल्टच देतो. त्या पंख्याला सुरू व्हायलाच त्याहून जास्त लागत असतील तर तो जागेवर अडून बसेल आणि बाहेरून वाटेल किती शांत झालाय. माझ्याकडे असे एसएमपीएस आलेत, आत कपॅसिटर फुगलेले.

कपॅसिटरचा हिशेब साधा आहे, तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट. १०५ अंशांना २००० तास लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांना ३२००० तास जातो. तोच ७५ ला ठेवलात तर १६०००. म्हणून पंखा थोडा वाजला तरी चालेल, पण हवा कमी करून आवाज घालवू नका. हवा गार द्या, आवाज स्वतःच कमी होतो, झुळूक आणि सौदामिनीताई हेच सांगतायत.

पानगळ

उपयुक्त धागा. धूळ साफ करायला ब्लोअर मारला तर चालतो का? की व्हॅक्यूम क्लीनर लावायचा?

जुना सोल्डर

ब्लोअर चालेल. पीसी बंद, वायर काढलेली, आणि एसएमपीएस कॅबिनेटमधून बाहेर काढून मोकळ्यावर न्या. मागच्या जाळीतून हवा मारा म्हणजे धूळ पंख्याकडून बाहेर पडेल. सलग मारू नका, थोडं थोडं मारा, नाहीतर पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी वर भिरभिरतो आणि बेअरिंग बिघडतं. दमट हवा टाकणारा कॉम्प्रेसर असेल तर आधी हवेत दोनदा मारून बघा, पाण्याचे थेंब येतात त्यातून. व्हॅक्यूमचं प्लास्टिकचं नळकांडं धुळीबरोबर घासून स्टॅटिक तयार करतं, ते सर्किटजवळ नको. बाहेरचा फिल्टर मात्र व्हॅक्यूमने खुशाल साफ करा.

रात्रपाळी

पॉवर लिमिट ८० टक्के केली. मीटरवर ३८० चे ३२० झाले, एका फ्रेमला लागणारा वेळ किंचितच वाढला, माझ्या कामाला तो चालतो. पंखा आता रेंडरमध्येही एका संथ वेगावर राहतो. नवीन एसएमपीएस घेत नाही.

कट्टाकार

एक शंका. एसएमपीएसच्या मागच्या जाळीवर बाहेरून अजून एक पंखा लावला, हवा ओढून घेणारा, तर आतला पंखा हळू होईल ना?

सौदामिनी

थोडा होईल, पण फायदा फारसा नाही. दोन पंखे एकामागे एक लावले तर हवा दुप्पट होत नाही, दाब थोडा वाढतो एवढंच. बाहेरचा पंखा जाळीला अगदी चिकटून बसला तर जाळीच्या कडांवरून फाटलेली हवा सरळ पात्यांवर येते आणि भुणभुण सुरू होते. शिवाय तो एसएमपीएसच्या थर्मिस्टरवर चालत नाही, एकाच वेगाने फिरत राहतो, आयडलला गरज नसतानाही. त्यात वायरी बाहेर लोंबणार. त्यापेक्षा तोच पंखा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, ग्राफिक्स कार्डाच्या समोर लावा.